सांगोल्याचे आबा : एसटीतून उतरल्यावर पुढं काय?

माणकाठचा (धागाकर्ता)

परवा फॅमिली ग्रुपवर परत गणपतराव देशमुखांचा तो फॉरवर्ड पडला. एसटीतून फिरणारे आमदार, अकरा वेळा निवडून आले, आजच्या पुढाऱ्यांनी शिकावं वगैरे वगैरे आणि खाली हात जोडलेले चार इमोजी. टाकणारा माझा आत्तेभाऊ, तो स्वतः एसटीत शेवटचा कधी बसला ते त्यालाच आठवत नसेल, पण ते जाऊदे.

तर आमचं गाव सांगोला तालुक्यात माण नदीच्या काठाला. नदी म्हणायची सवय म्हणून नदी, वर्षातले बरेच महिने नुसती वाळू असायची आणि आता तर ती वाळूही राहिली नाही. गणपतराव देशमुख आमच्याकडं नुसते 'आबा' नाहीतर 'आबासाहेब' (तासगावचे आबा म्हणजे आर. आर. पाटील वेगळे, कृपया घोळ घालू नये, मागच्या एका धाग्यात तीस प्रतिसाद होईपर्यंत लोक दोन वेगळ्या माणसांबद्दल भांडत होते). जन्म १९२६ चा, गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर, म्हणजे मूळचे सांगोल्याचे नाहीतच. वकिली शिकलेला माणूस. शेकापचा (शेतकरी कामगार पक्षाचा) लाल बावटा धरला, सांगोल्यात बस्तान बसवलं आणि १९६२ ला पहिल्यांदा आमदार झाले. मग ६७, ७४ ची पोटनिवडणूक, ७८, ८०, ८५, ९०, ९९, २००४, २००९ आणि २०१४. मोजा, अकरा होतात. मध्ये दोनदा पडले, ७२ ला आणि ९५ ला. २०१४ ला वय ८८ आणि तरी पंचवीसेक हजारांनी आले. २०२१ च्या जुलैमध्ये गेले.

आता माझं म्हणणं. मला ह्या एसटीच्या फॉरवर्डचा कंटाळा आलाय. खोटं आहे म्हणून नाही, खरंच आहे ते, पण साधेपणा सांगितला की माणूस सांगून संपला असं होतं. आमदार एसटीत बसला ह्याचं एवढं कौतुक करायचं आणि उतरून मंत्रालयात काय केलं, विधानसभेत काय बोलला, तालुक्यात काय उभं केलं हे कुणी विचारायचं नाही. उद्या एखादा हुशार गडी इलेक्शनपुरता एसटीत बसेल, फोटोग्राफर बरोबर घेऊन, आणि आपण त्यालाही इमोजी जोडू.

ज्यांना तालुक्याची, विधिमंडळाची, सूतगिरणीची माहिती आहे त्यांनी लिहा. टीकाही चालेल, भक्तीचा धागा करायचा नाहीये.

पेठेतला_पाहुणा

छान धागा. माझ्या माहितीप्रमाणे हा देशातला विक्रम आहे, एकाच मतदारसंघातून अकरा वेळा. गिनीज बुकात नाव आहे म्हणे.

आकडेमोड

@पेठेतला_पाहुणा, 'म्हणे' वर गिनीज चालत नाही हो. देशातला विक्रम पण नाही. केरळात के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून १३ वेळा, १९६५ पासून २०१६ पर्यंत, तेही एकदाही न पडता. करुणानिधी पण १३ वेळा, पण त्यांचे मतदारसंघ बदलत गेले. महाराष्ट्रापुरतं बोला, तिथं आबांची अकरा टर्म ही मोठीच गोष्ट आहे, तिला खोटी झालर लावायची गरज नाही.

आणि माझ्या मते अकरा विजयांपेक्षा ते दोन पराभव जास्त बोलके आहेत. ९५ ला शहाजीबापू पाटलांकडून फक्त १९२ मतांनी गेले. तेव्हा वय ६८-६९. ह्या वयात एवढ्या थोडक्यात गेल्यावर माणूस एकतर कोर्टात जातो, नाहीतर विधान परिषद मागतो, नाहीतर सत्तेतल्या पक्षात जातो. हे साडेचार वर्षं थांबले आणि ९९ ला त्याच पक्षातून परत आले. शेकापची तेव्हाची राज्यातली ताकद बघा, रायगड आणि इकडंतिकडं दोनचार जागा. म्हणजे लाट वगैरे काही पाठीशी नव्हती.

पेठेतला_पाहुणा

ओके, चूक मान्य. गिनीज मागे घेतो :)

डाळिंबवाला

मी सांगोल्याचाच, शेती करतो, टायपिंग जमेल तसं. आबांबद्दल आदर हाय म्हणजे हायच, आमच्या घरात चार पिढ्या लाल बावट्याला मत. पण जरा खरं बी बोलू. १९६२ ते २०१९ मधली सहा-सात वर्षं सोडली तर सगळा काळ एकच आमदार, आणि एवढ्या वर्षात आमच्या शेताला पाट म्हणून काय दिसला नाही. आमच्या आज्ज्यानं ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडली, बापानं चारा छावणीत जनावरं बांधली आणि मी टँकरचं पाणी विकत घिऊन डाळिंबाची झाडं जगिवली. तीन पिढ्याचं तीन प्रकार, दुष्काळ तोच.

आता कुणी म्हणल पाऊसच पडत नाही त्याला आमदार काय करणार. बरोबर हाय, पण मग पाऊस नसलेल्या तालुक्याला पाणी आणायचं हेच तर आमदाराचं काम हुतं का न्हाई.

डाळिंबानं तारलं हे मात्र खरं. कमी पाण्यावर येतंय, ठिबक टाकलं की माळरानावर बी बाग हुती. २०२० च्या डिसेंबरात शंभरावी किसान रेल सांगोल्यातनं बंगालात शालिमारला गेली तवा सगळ्या टीव्हीवर आमचं स्टेशन दिसलं. नंतर मर, तेल्या हे रोग आन खोडाला भोकं पाडणारी ती अळी आली, आन निम्म्या बागा जेसीबी लावून काढल्या लोकांनी. माझी बी काढली, साडेतीनशे झाडं, मुळासकट उपटताना बघवत न्हवतं. ते असो, विषय भरकटतोय.

उपसा_पंप

@डाळिंबवाला दादा, तुमचं दुखणं पटतं पण थोडं पाण्याचं गणित मांडतो, मी आटपाडीचा, त्यामुळे ह्या लढ्यात लहानपणापासून बापाच्या खांद्यावर बसून गेलोय.

सांगोल्याचा उतार आणि कृष्णेचं पाणी ह्यांचा काही संबंधच नाही. कृष्णा तिकडं कराडकडं वाहते आणि मध्ये खानापूरचं उंच पठार आडवं. पाणी आणायचं तर पंपाने उचलायचं, तेही एका टप्प्यात नाही, टप्प्याटप्प्याने चढवत. टेंभू म्हणजे तेच, कराडजवळ टेंभूला उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत. हे काम एका आमदाराच्या निधीतनं होणारं नाही, त्याला राज्याची तिजोरी लागते आणि तिजोरी उघडायला सरकारात माणूस लागतो नाहीतर रस्त्यावर माणसं लागतात. आबांनी बहुतेक वेळ दुसरा मार्ग धरला. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबा ह्यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली. आटपाडीला दरवर्षी भरायची, लाल झेंडे, ट्रॅक्टर भरून माणसं, भाकरी फडक्यात बांधून आलेल्या बायका. मागणी पण नुसती 'पाणी द्या' अशी नव्हती, तर पाणी सगळ्यांना सारखं द्या, ज्याला जमीन कमी त्यालाही द्या, अशी होती. समन्यायी वाटप हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात नाही, त्या मांडवात शिकलो.

आणि सरकारने हात कधी हलवला? तर लवादाने कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून दिलं होतं आणि २००० सालापर्यंत आपल्या वाट्याचं पाणी अडवलं नाही तर पुढच्या वाटपात वाटा हातचा जाईल ही भीती उभी राहिली तेव्हा. म्हणून ९६ ला कृष्णा खोरे महामंडळ आलं, रोखे काढले, एकदम पाचपन्नास कामं सुरू केली आणि मग पैसे संपले. अर्धे कालवे खणून तसेच पडले, आम्ही त्या कोरड्या कालव्यात क्रिकेट खेळायचो, सरळ लांब पिच मिळायचं. परिषदा त्या काळात जास्त जोरात होत्या ते ह्याच्यासाठी, योजना मंजूर करून घेणं एकवेळ सोपं, पण बजेटमध्ये दरवर्षी तिला पैसे पाडत राहणं हे खरं रटाळ काम.

आता पाणी येतंय, बुद्धेहाळच्या तलावापर्यंत येतंय, पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. पंपाच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकार उचलतं आणि १९ टक्के शेतकरी, नाहीतर कुणाला परवडलंच नसतं.

डाळिंबवाला

बुद्धेहाळला आलं ते आमच्या शिवारापास्नं लई लांब हाय ओ. पण मुद्दा कळला. परिषदेला मी बी गेलोय, ट्रॅक्टरमधी हुबा राहून, येताना रात्री दोन वाजलं हुतं.

खडूस_काकू

मी वेगळी बाजू मांडते, जोडे मारायचे तर मारा.

एसटीतून फिरणं हे कौतुकाचं आहेच पण त्यात आमदाराचा वेळ किती गेला हे कुणी मोजलं का? सांगोला-मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. आमदाराने लवकर पोचावं, ताजंतवानं सभागृहात बसावं, ह्यासाठी गाडी वापरली तर मला अजिबात राग येणार नाही. मला राग येतो तो गाडीच्या मागे दुसऱ्या सहा गाड्या असतात त्याचा.

दुसरं, वारसा. तुम्ही म्हणता तत्त्वाचा पक्ष, मग २०१९ ला तिकीट नातवालाच का?

आणि आमच्या आमदाराची गोष्ट (जिल्हा सांगत नाही, भावकी इथे वाचते). दोन वर्षांपूर्वी ऐन मार्चमध्ये आमच्या वस्तीची डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली. लाइनमनला फोन, तो म्हणाला ऑइल नाही. ऑफिसला फोन, ते म्हणाले थकबाकी भरा मग बघू. आमदारांना फोन केला तर पीएने उचलला, त्याने दुसऱ्या पीएचा नंबर दिला, दुसऱ्याने व्हॉट्सअॅपवर आमदारांच्या वाढदिवसाचं निमंत्रण पाठवलं. शपथेवर सांगते. उसाचं वाळलेलं पान हातात धरून मी ते निमंत्रण वाचत होते, 'कार्यसम्राट' असं लिहिलं होतं. डीपी बसली एकविसाव्या दिवशी, तीही वर्गणी काढून ट्रॅक्टरने आम्हीच आणली तेव्हा. त्यामुळे मला आमदाराची पार्श्वभूमी, तत्त्व, घराणं सगळं ठीक आहे, फोन उचलतो का एवढंच सांगा.

आकडेमोड

काकू, वारशाचा मुद्दा रास्त आहे. २०१९ ला आबांनी वयामुळे थांबायचं ठरवलं, आधी पक्षातल्या दुसऱ्याच माणसाचं नाव पुढे आलं होतं, मग कार्यकर्त्यांनी आग्रह धरून नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. परत शहाजीबापूच. तेच ते 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' वाले. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख आले निवडून. म्हणजे लोकांनी नातवाला एकदा पाडूनही दाखवलंय आणि निवडूनही दिलंय. तरी प्रश्न उरतोच, साठ वर्षांत घराबाहेरचं दुसरं नेतृत्व तालुक्यात शेकापला का घडवता आलं नाही. ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सोलापुरी_चादर

सूतगिरणीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लॉगिन केलं.

सांगोल्यात कापूस पिकत नाही, हे आधी डोक्यात घ्या. तिथं शेतकरी सहकारी सूतगिरणी काढायची म्हणजे लोक हसले असणारच. कापसाच्या गाठी बाहेरून आणायच्या, सूत काढायचं आणि विकायचं. कारण काय तर पाऊस नाही, शेतीत काम नाही, पोरं मुंबईला नाहीतर ऊसतोडीला जातात, त्यांना बारमाही पगार देणारं काहीतरी तालुक्यातच पाहिजे. आता महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहिती आहे, भागभांडवल सरकारचं, कर्ज बँकेचं, चेअरमन पुढाऱ्याचा मेव्हणा आणि दहा वर्षांनी भंगारात मशिनरी. काही ठिकाणी तर नुसतं कंपाउंड आणि बोर्ड, आत कुसळं. सांगोल्याची चालली, नीट चालली, नंतर महिलांची वेगळी सूतगिरणी पण झाली.

माझा चुलता तिथं होता. रात्रपाळी करून सकाळी यायचा तेव्हा केसात, भुवयांवर, कानाच्या पाळीवरच्या लवेत सुद्धा कापसाचं पांढरं तूस. आम्ही पोरं त्याला म्हातारा म्हातारा म्हणून चिडवायचो. अंघोळीच्या आधी तो अंगणात उभा राहून टॉवेलने अंग झटकायचा आणि कोंबड्या त्या तुसामागे पळायच्या, काहीतरी खायचं पडलंय समजून. त्याच्या पगारावर दोन आत्यांची लग्नं झाली, माझं डिप्लोमाचं पहिलं वर्ष पण त्यातलंच. त्याला आबांच्या एसटीचं काही कौतुक नव्हतं, तो म्हणायचा पगार तारखेला होतो ना, बास.

अवांतर: आमच्या सोलापूर शहरात माकपच्या आडम मास्तरांचं पण असंच. विडी कामगार बायकांसाठी आधी गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं, मग रे नगरची तीस हजार घरांची योजना. आमदारकी तीनच वेळा, ७८, ९५ आणि २००४, पण पडल्यावर पण काम तेच. म्हणजे आपल्या जिल्ह्यात लाल झेंड्याची अशी माणसं झाली, जी निवडून येण्यापेक्षा मागे लागण्यात पटाईत.

जुना_बातमीदार

अधिवेशनाचं बरीच वर्षं वार्तांकन केलंय, आता निवृत्त. धागाकर्त्याने 'विधानसभेत काय केलं' विचारलंय म्हणून लिहितो, लांबेल.

लोकांना टीव्हीवर गोंधळ दिसतो, वेलमध्ये (अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत) उतरणं, कागद फाडणं. खरं काम तारांकित प्रश्नांच्या (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या) यादीत असतं. तो कागद पाहिलाय का कुणी? भाषा ठरलेली. 'अमुक तालुक्यातील पाझर तलावाचे काम बंद आहे, हे खरे आहे काय?' मग 'असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय?' आणि सगळ्यात शेवटी ठरलेलं वाक्य, 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तराच्या बाजूला मंत्र्यांची उत्तरं पण ठरलेली: 'हे खरे नाही', 'अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही'. नवखा आमदार 'प्रश्न उद्भवत नाही' वाचून खाली बसतो. मुरलेला आमदार उपप्रश्न विचारतो की अंशतः म्हणजे नेमका कोणता अंश खरा आहे. तिथं मंत्री अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडं बघायला लागतो, गॅलरीतनं चिठ्ठी येते, आणि त्या दोन मिनिटांत कळतं कुणी अभ्यास केलाय आणि कुणी नाही.

मंत्री सभागृहात 'महिनाभरात करतो' म्हणाला की ते आश्वासन होतं, आणि ते पाळलं का हे बघायला आश्वासन समिती असते. किती आमदार ते तिथपर्यंत नेतात? फार थोडे. त्यात ना हार मिळतो ना फ्लेक्स लागतो.

गणपतराव ह्यातले मुरलेले होते. विरोधी पक्षनेतेही राहिले काही काळ, ७८ च्या शरद पवारांच्या पुलोद सरकारात आणि परत ९९ ला मंत्री होते, पण त्यांचं खरं घर विरोधी बाकं. आवाज चढवून बोलणारे नव्हते. दुष्काळ, रोजगार हमी, पाणी हे विषय आले की बोलायला उभे राहायचे आणि सभागृह शांत व्हायचं, समोरचे मंत्रीही ऐकायचे, कारण मंत्री जन्मायच्या आधीपासून हा माणूस त्या सभागृहात होता हो काही बाबतीत.

खडूस काकूंच्या फोनबद्दल: बरोबर आहे तुमचं. पण डीपी बसवून घेणं हे काम आमदाराचं असावं का, हा पण विचार करा. ऑइल का नाही, हे विचारणं त्याचं काम. एक डीपी बसवून दिली तर तुम्ही खूश, पुढच्या वस्तीची तशीच जळलेली. आता आमदाराला वर्षाला पाच कोटी स्थानिक विकास निधी असतो, त्यामुळे आमदार म्हणजे सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट देणारा कंत्राटदार अशी लोकांची समजूत झालीय. आबा पहिल्यांदा निवडून आले तेव्हा हा निधी नावाचा प्रकारच नव्हता.

खडूस_काकू

बातमीदार काका, ऊस वाळताना धोरणात्मक प्रश्न सुचत नाहीत :) पण ते 'अंशतः' आवडलं. आमच्या आमदारांचे ह्या टर्मला किती प्रश्न लागले ते कुठं बघायचं?

जुना_बातमीदार

विधिमंडळाच्या वेबसाइटवर याद्या असतात. मोबाइलवर उघडायला त्रास होतो, कॉम्प्युटरवर बघा. चहा घेऊन बसा.

माणकाठचा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच काही मिळालं. @सोलापुरी_चादर, कोंबड्यांचं वाचून हसलो आणि मग जरा वेळ गप्प बसलो, माझा मामा पण गिरणीतच होता.

माझी एसटीची आठवण पण सांगून टाकतो, शेवटी मोह आवरत नाहीच. शाळेत असताना सांगोला स्टँडवरून पंढरपूरला जायचो. गाडीत पुढच्या बाजूला खिडकीच्या वर रंगवलेलं असायचं, विधानमंडळ सदस्यांसाठी राखीव. आम्ही पोरं बिनधास्त त्या सीटवर बसायचो कारण तिथं कधी कुणी आमदार येणारच नाही हे कंडक्टरला पण माहिती. फक्त आमच्या डेपोचा एक कंडक्टर होता तो उठवायचा. म्हणायचा, इतर तालुक्यात बस खुशाल, इथं आमचा माणूस खरंच येतो. तेव्हा राग यायचा त्याचा, उभं राहून जावं लागायचं.

दिवाळीला गावी जाणार आहे, मामाकडे गिरणीचे जुने अहवाल आहेत म्हणे, मिळाले तर फोटो टाकतो.

डाळिंबवाला

ये की. येताना एसटीनंच ये, आमदाराची सीट आता मोकळीच असती.